माह्याकडं पाठ कर

गेल्या महिन्यात पांढरकवड्याच्या बसस्टँडवर एका उत्साही तरुणाने माझ्या हातात एक रंगीत चित्र ठेवलं, आणि तेव्हापासून फिरलेलं माझं डोकं अजून जागेवर आलेलं नाही. चित्रात एक गोरीपान, मोठ्या डोळ्यांची, सुंदर बाई होती. डोक्यामागे परातीएवढं तेजोवलय. पायाशी कमळ. उजवा हात आशीर्वादासाठी वर. आणि खाली ठसठशीत अक्षरांत नाव : झमकूमाता.

"कोण ही?" मी विचारलं.

"मुकुटबनकडल्या तांड्यावर होऊन गेल्या. लय मोठ्या संत. तुमाले नाही माहीत?"

मला नाही माहीत! अहो, झमकूबाई काळीसावळी, हाडकुळी, समोरचे दोन दात पडलेली बाई होती. डोळे बारीक, आणि ते कायम कुणावर तरी वटारलेले. कमळाजवळ ती कधी गेलीच असेल तर तळ्यातली म्हैस हाकलायला. पण हे सगळं मी सोडून दिलं असतं. चित्रकारालाही पोट असतं. मला सहन झाला नाही तो आशीर्वादाचा हात. पाचही बोटं पसरलेला! त्या बाईच्या हाताला कामाचं बोट एकच होतं, तर्जनी. ती तर्जनी सगळीकडे फिरायची, आणि प्रत्येक वेळी तिच्यापासून दूर, दुसऱ्या कुणाकडे तरी रोखलेली असायची. त्याच बाईला या लोकांनी चित्रात मधोमध बसवलं!

मी त्या तरुणाला तिच्या वतीने पुष्कळ ऐकवलं. त्याने मला वेडा म्हातारा ठरवलं आणि पुढच्या माणसाकडे वळला. म्हातारा! पन्नाशीही गाठली नाही मी अजून. तर तेव्हा बोलायचं राहिलेलं इथे बोलतो.

आमचं घराणं कचेरीतलं. आजोबा कारकून, वडील कारकून, घरात शाईचा वास. यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेशातून उचलून नुकताच मुंबई राज्यात ठेवला होता, आणि त्याच सुमारास सरकारने मला शाईतून उचलून हिवतापाच्या खात्यात ठेवलं. काम सोपं. घरोघरच्या भिंतींवर डासांचं औषध फवारून घ्यायचं, आणि ज्याला थंडीताप असेल त्याच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा. औषधाला कुणाची ना नव्हती. सुईला सगळ्यांची होती.

मुकुटबनच्या पलीकडे एक बंजाऱ्यांचा तांडा होता. पूर्वी या लोकांच्या बैलांच्या पाठीवरून मीठ, धान्य सगळ्या मुलखात जायचं. आता ते शेती करत होते. तिथे पहिल्याच दिवशी एका दारात एक बाई आडवी उभी राहिली. अंगावर आरशांची कांचळी म्हणजे चोळी, घेरदार फेटिया म्हणजे घागरा, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला लहानसा लाकडी क्रूस.

मी क्रूसाकडे पाहिलं, मग फेटियाकडे, मग परत क्रूसाकडे.

"काहून पाह्यतं, भिया?" ती कडाडली. भिया म्हणजे भाऊ. पण तिच्या तोंडी तो शब्द थप्पड मारल्यासारखा यायचा. "किरिस्ताव बाई पांढऱ्या लुगड्यातच पाह्यजे का? चर्चातल्या बायाबी असंच म्हनतात. मी म्हनलं, येशूनं मले वळखलं ते याच कपड्यात. आता दुसरे घातले अन् त्यानं नाही वळखलं, त काय करू?"

आणि वर, "फवार, फवार. उभा काहून? डास तुह्या बापाची वाट पाह्यतेत का?"

अशी आमची ओळख झाली. पुढे त्या भागात गेलो की मी तिच्या दारात चहा घ्यायचो. चहा काळा, गुळाचा, आणि सोबत शिव्या.

तिने येशूला कसं ओळखलं, हे मी तिला एकदा विचारलं होतं. मी देवळाच्या पायरीवरचा माणूस, धड आत नाही, धड बाहेर नाही. पण गोष्टीचा हावरट. ती तूर सोलत होती. सोलता सोलताच तिने सांगितलं, आवाज न बदलता.

तिचा एकुलता एक मुलगा तापात गेला. लोक समजूत घालायला आले. कुणी म्हणालं नशीब, कुणी म्हणालं देवाची मर्जी. तिने प्रत्येकाला दाराबाहेर काढलं. मग ती मिशनच्या दवाखान्यात गेली, ती भांडायला. मुलाला तिथेच नेलं होतं, आणि तो तिथेच गेला होता. ती नर्सबाईवर ओरड ओरड ओरडली. नर्सबाई रडायला लागली. ओरडणं संपल्यावर नर्सबाईने तिला सांगितलं, की आमचा प्रभूही एकदा मित्राच्या कबरीपाशी उभा राहून असाच रडला होता.

"मी म्हनलं, देव रडला? ती म्हने, व्हय. मी म्हनलं, मंग हाच. ज्याची वाट पाह्यत होते लोक, तो हाच. मले दुसरं काही सांगू नको." तुरीची एक शेंग तिने फटकन मोडली. "अन् तो रागावलाबी होता, भिया. देवळात बाजार मांडनाऱ्यांचे पाट उलथवले त्यानं. माह्यासारखाच!"

हे शेवटचं सांगताना ती इतकी खूश झाली, की पडलेल्या दातांची जागा दिसली.

तेव्हापासून तिचं एकच काम. बाजारात, विहिरीवर, खळ्यावर, जो भेटेल त्याला ती सांगणार : तो आला आहे, त्याच्याकडे पाहा. तांड्यातल्या म्हाताऱ्यांना ती त्यांच्याच भाषेत घ्यायची. "जुन्या काळी बैलांचा तांडा निघे, तवा एक मानूस पुढं जाऊन पानी पाहून ये. तो येऊन सांगे, पानी हाये, मागून नाईक येऊन राह्यला, जागा करा. तुमी काय त्या पानी पाह्यनाऱ्याले गादीवर बसवत होते? मी पानी पाहून आली, बाप्पा. नाईक तो हाये!"

म्हातारे ऐकून घ्यायचे. तांड्याचा खरा नाईक हेमला हसून म्हणायचा, "झमकू, तुह्या त्या नाईकाले सांग, माह्या घरी चहाले ये." तीही म्हणायची, "तो येईल. तू घरी राह्य." तिचं बोलणं सगळ्यांना आवडायचं, आणि कुणी जागचं हलायचं नाही.

घोळ झाला तो फुलसिंगच्या पोरामुळे.

फुलसिंग म्हणजे बैलासारखा दांडगा, बोलायला भिणारा शेतकरी. त्याच्या लहान पोराला ताप चढून झटके यायला लागले. झमकूबाईने त्याला बैलगाडीत घातलं, वाटभर मांडीवर धरून प्रार्थना केली, त्याच दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी सुया दिल्या, आणि पोरगं वाचलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं. झमकूबाई म्हणाली, प्रभूनं वाचवलं. फुलसिंगने दोघांचंही ऐकलं आणि आपल्या मनाने तिसराच निकाल लावला.

पुढच्या मंगळवारी तो तिच्या दारात आला तो नारळ, हळदकुंकू, खण घेऊन, बायको आणि भावकीसकट. आला आणि सरळ तिच्या पायांवर पडला.

नेमका मी तिथे होतो. असे प्रसंग माझ्यावाचून होऊ नयेत, अशी माझी नेहमीच इच्छा असते.

"ऊठ!" झमकूबाई ओरडली. "माह्या पायाशी काय हाये? धूळ हाये! मी नाही वाचवलं तुह्या पोराले! तिकडं पाह्य, तिकडं!" तिची तर्जनी आकाशाकडे गेली. फुलसिंगने मोठ्या भक्तीने तर्जनीकडे पाहिलं. तिची नजर नारळावर पडली. तिने तो त्याच्या हातातून हिसकावला आणि संतापाने अंगणात भिरकावून दिला.

नारळ दगडावर आपटला आणि बरोब्बर मधून फुटला. पांढरंशुभ्र खोबरं वर करून दोन्ही वाट्या मातीत बसल्या.

मग फुलसिंगची बायको हात जोडून पुटपुटली, "घेतला! देवीनं नारळ घेतला!"

आणि लोकांनी प्रसाद वाटून खाल्ला. मलाही एक तुकडा मिळाला. खोबरं उत्तम होतं.

आता तिची अडचण लक्षात घ्या. आपल्याकडे ज्याच्या अंगात देव येतो, तो काय करतो? डोळे वटारतो. ओरडतो. घुमतो. हाती येईल ते फेकतो. झमकूबाई जन्मापासून हेच करत आली होती! पण आता तिचा प्रत्येक संताप हा पुरावा ठरायला लागला. ती जितकी म्हणे मी देवी नाही, तितकी लोकांची खात्री पटे. मंगळवारी लोक यायला लागले. केळापूरच्या बाजूचेही यायला लागले. ती झाडू घेऊन धावे, आणि झाडूचा फटका मिळालेली माणसं समाधानाने घरी जात.

"राग आवरा," मी तिला म्हणालो. "तुमच्या रागानेच हे सगळं चाललं आहे. एक मंगळवार गोड बोलून पाहा."

"गोड?" तिने तो शब्द कडू गोळीसारखा तोंडात फिरवला. "बरं. करते."

तो मंगळवार मी मुद्दाम साधला. झमकूबाई दारात शांत बसली होती. चेहरा असा, की कुणीतरी तिच्या ओठांना टाके घातले आहेत. लोक येत होते, आणि ती हळू आवाजात प्रत्येकाला सांगत होती, "बाई गं, मी तुह्यासारखीच. तो एकच तारनारा हाये, त्याले मांग." लोक चुळबुळायला लागले. मागून कुणी म्हणालं, "आज काही खरं नाही. आज आली नाही." दोघेतिघे उठून चालूही लागले. मला वाटलं, जिंकलो!

तेवढ्यात एका म्हातारीने पुढे होऊन मोठ्या मायेने तिच्या कपाळाला कुंकू लावलं.

झमकूबाई उठली. पुढे काय झालं ते सांगत नाही, कारण तिने त्यात माझाही उद्धार केला. फक्त इतकं सांगतो, की उठून गेलेले दोघेतिघे धावत परत आले. "आली! आली!"

त्या संध्याकाळी ती कपाळ पुसत बसली होती. कुंकू केव्हाच गेलं होतं, तरी पुसत होती. मी काहीतरी विनोद करायला गेलो, तर तिने मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यातही आग होती.

"हसू नको, भिया. मी मेली का हे ओटा बांधतीन, शेंदूर लावतीन. लोक ओट्यापाशी येतीन अन् वापस जातीन. त्याच्यापर्यंत कोनीच नाही पोचनार. मी वाट दाखवाले बसली, अन् वाटेतला धोंडा होऊन राह्यली."

मी हसलो नाही.

पांढरकवड्याच्या चर्चमध्ये तरी तिला बरं वाटावं? तिथेही तेच. नाताळच्या आधीच्या रविवारी ती मला ओढूनच घेऊन गेली. पाळकसाहेब सज्जन माणूस, बोलणं मधाळ. त्यांनी व्यासपीठावरून सांगायला सुरुवात केली, "आपल्या भगिनी झमकूबाई यांच्या प्रार्थनेत केवढं सामर्थ्य! त्यांच्या हातून आजारी बरे होतात. अशी भक्त आपल्या मंडळीला लाभली, हा आपला गौरव..."

मागच्या बाकावरून बांगड्या खणखणल्या. मी डोळे मिटून घेतले.

"पाळकसाहेब," झमकूबाई उभी राहून म्हणाली, "तुमीबी नारळच आनला का?"

पाळकसाहेबांना संदर्भ माहीत नव्हता. ते गोंधळून म्हणाले, "नाही, बाई, नारळ कशाला..."

"मंग कायले माह्यं नाव घेऊन राह्यले? तांड्यावर ते अडानी लोक माह्या पायावर पडतेत, त्याहिले मी समजून घेते. तुमी त शिकले! तुमच्या पाठीमागं एवढा मोठा क्रूस लावला हाये, अन् तुमी बोट माह्याकडं दाखवता?"

पाळकसाहेबांनी मागे वळून क्रूसाकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. मग म्हणाले, "आपण गीत गाऊ या." त्यांच्या मोठेपणाची गोष्ट अशी, की त्यानंतर त्यांनी तिचं नाव कधी व्यासपीठावर घेतलं नाही, आणि ती आली की ते स्वतः दाराशी येऊन उभे राहत.

शेवटी जे घडलं ते पावसाळा सरता सरता, भर दुपारी. मंगळवारच होता. मी तांड्यात शिरलो तर नगारा वाजत होता. झमकूबाईच्या अंगणात हीऽऽ गर्दी. लोक डोलत होते, बायका हात जोडून गात होत्या. मी घुसलो. मधोमध बाजेवर झमकूबाई. गोधडी पांघरलेली, आणि सगळं अंग थडथडा हलत होतं. दात वाजत होते. बाज वाजत होती.

"आजपावतो अशी आली नव्हती!" कुणीतरी आनंदाने माझ्या कानात ओरडलं.

"अरे देवी कसली, हिवताप आहे!" मी ओरडलो. "बाजूला व्हा! हात लावा तिला, भाजेल!" पण नगाऱ्यापुढे सरकारी आवाज कुठे चालतो? दोघांनी मला दंडाला धरून मागे सारलं. देवीला सुई टोचणार म्हणतो, असं म्हणून एक बाई माझ्या अंगावर धावून आली. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. घुमणाऱ्या देवीला पाणी कोण पाजणार? बाई सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मरत होती, आणि सगळे तिची पूजा करत होते. इतका संताप मला आयुष्यात दुसऱ्यांदा आला तो थेट गेल्या महिन्यात, त्या बसस्टँडवर.

तिने गोधडीतून हात बाहेर काढला. तीच तर्जनी. वर केली. सगळे तर्जनीला नमस्कार करायला लागले. हात खाली पडला. ओरडायला तिच्यात ताकद उरली नव्हती. मला वाटतं, जन्मात पहिल्यांदाच.

"फुलसिंग," ती म्हणाली. आवाज इतका बारीक, की ऐकायला नगारा थांबवावा लागला. फुलसिंग पुढे येऊन वाकला.

"फुलसिंग, मले लय थंडी वाजते."

त्याने हात जोडले.

"देवीले थंडी वाजते का रे?"

"नाही, याडी." याडी म्हणजे आई.

"मंग मी कोन?"

फुलसिंगने तिच्याकडे पाहिलं. त्या हाडकुळ्या, दात पडलेल्या, कापणाऱ्या बाईकडे. त्याचा मोठा चेहरा हळूहळू बदलला. "तू... म्हातारी. आमची झमकू म्हातारी."

"आता बरोबर बोलला. तुह्या पोरासाठी मी मांगलं होतं. आता तू माह्यासाठी मांग."

"कोनाले?"

"मी ज्याले मांगा म्हनून गळा फोडून राह्यली इतके दिवस, त्याले! येशूले!"

फुलसिंग घाबरला. त्याने इकडेतिकडे पाहिलं. मूर्ती नाही, फोटो नाही, काही नाही. "याडी, तोंड कोनीकडं करू?"

आणि झमकूबाई म्हणाली, "माह्याकडं पाठ कर. बस. एवढंच पुरे."

तो दांडगा माणूस वळला. तिच्याकडे पाठ करून, गर्दीकडे तोंड करून उभा राहिला. समोर आपलेच लोक आपल्याकडे पाहत आहेत हे त्याला सहन होईना. "तुमीबी फिरा," तो म्हणाला. आणि ते सगळं अंगण, नगारेवाल्यासकट, वळलं. कुणी शेताकडे पाहत होतं, कुणी कुडाकडे, कुणी आभाळाकडे. तिच्याकडे पाहणारा कुणी राहिला नाही. फुलसिंग आपल्या बंजारी गोरबोलीत, लहान पोरासारखा, एकच वाक्य म्हणाला : "येशू, मार याडीन आछो कर." माझ्या आईला बरं कर.

मग तो मोठमोठ्याने रडायला लागला.

मी पुढे झालो. मला कुणी अडवलं नाही. झमकूबाईने मला तीच तर्जनी दिली. "घे, भिया. टोच. आता हे बोट रिकामं हाये." मी टोचलं, गोळ्या दिल्या, फुलसिंगच्या बायकोने पाणी पाजलं, आणि फुलसिंगने गाडी जुंपली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं. यावर फुलसिंग काय म्हणाला असेल ते सांगायला नको.

मंगळवार त्या दिवशी संपले. सगळा तांडा काही येशूमागे गेला नाही. हेमला नाईक आपल्या देवापाशीच राहिला, आणि त्याचं न् झमकूबाईचं भांडण चहासकट चालू राहिलं. पण काही घरं गेली. निंबाखाली त्यांनी एक कुडाचं छप्पर उभारलं, आणि तिथे रविवारी फुलसिंग प्रार्थना सांगायचा. तिथे एक रीत पडली, ती मी दुसऱ्या कुठल्याही चर्चमध्ये पाहिली नाही. प्रार्थनेच्या वेळी फुलसिंग लोकांकडे पाठ करायचा, आणि पुढचे लोक मागच्यांकडे. पाळकसाहेबांनी एकदा विचारलं, हे कुठे लिहिलं आहे? फुलसिंग म्हणाला, लिहिलं नाही, झमकू म्हातारीनं सांगितलं. झमकूबाईने त्याला तिथल्या तिथे झापलं. "माह्यं नाव कायले घेतं?"

माझी बदली कळंबला झाली तेव्हा मी नव्या माणसाला तांडा दाखवायला नेलं. रविवार होता. छपराखाली प्रार्थना चालू होती, फुलसिंग बेसूर गात होता. सगळ्यात मागे, खांबाला टेकून, एक म्हातारी तूर सोलत बसली होती. शेजारच्या नव्या सुनेने विचारलं, "ही कोन म्हातारी?" कुणीतरी म्हणालं, "हाये आपलीच." झमकूबाईने ते ऐकलं, आणि दात पडलेल्या जागेसकट अशी हसली, की मी तिला तितकं खूश फक्त एकदाच पाहिलं होतं, येशूच्या रागाबद्दल बोलताना.

मला कुठे राहवतं! मी नव्या माणसाला कोपर मारलं आणि बोट दाखवून म्हणालो, "ती पाहा! तीच ती झमकूबाई, जिच्या..."

खटकन माझं बोट पकडलं गेलं. बसल्या जागेवरून, तुरीच्या शेंगा मांडीत, तिने ते मुठीत घट्ट धरलं आणि बैलाची वेसण वळवावी तसं वळवलं, समोरच्या बाजूला.

"तिकडं पाह्य, भिया. किती डाव सांगू?"

मी पाहिलं. समोर पाठी होत्या. फुलसिंगची रुंद पाठ, बायकांच्या ओढण्यांच्या पाठी, लेकरांच्या उघड्या पाठी. सगळ्या कुणा एकाकडे तोंड करून, जो मला दिसत नव्हता. बोट दुखत होतं. मी वळून तिला काहीतरी चावट बोलणार होतो. पण ती बोट सोडेना, त्यामुळे मी तसाच समोर पाहत राहिलो, आणि तिने ते कधी सोडलं ते मला कळलंच नाही.